कोड तीन, कारणं तीन: अपडेट उतरत नाही म्हणून फॉरमॅट मारण्याआधी

नंदगडकडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचं झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि डीटीपीचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं:

"दादा, दुकानातला कॉम्प्युटर असेंबल केलेला, विंडोज १०, १२० जीबीचा एसएसडी. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. 'फीचर अपडेट, व्हर्जन २२एच२' (विंडोज १० चं शेवटचं मोठं अपडेट) असं कधीपासून दिसतंय, पण डाउनलोड शून्य टक्क्यावरच. कधी सकाळी ८००७२एफ८एफ असा कोड येतो, दुपारनंतर ८००७२ईई२, आणि एकदा ८००७००७० आला. सकाळी मशीन चालू केलं की तारीखही चुकलेली असते, ती मी हातानं नीट करते. इथला मुलगा म्हणतो फॉरमॅट मारा, दुसरा इलाज नाही. पण त्यात मराठी-कन्नड टायपिंगची श्री-लिपी आहे, नुडी आहे, लग्नपत्रिकांची सगळी कामं आहेत. काय करू?"

ताई, फॉरमॅट मारू नका, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं बसवू नका. तुमच्या मशीनचं विंडोज बिघडलंय असं या माहितीवरून मला अजिबात वाटत नाही. तुम्ही तिन्ही कोड लिहून ठेवले आणि कोणता कधी येतो तेही सांगितलं, त्यामुळं निम्मं काम झालंय. खरंच बिघडलेलं विंडोज बहुतेक वेळा तोच तो कोड दाखवत राहतं. इथं सकाळी एक, दुपारी एक आणि मध्येच तिसरा. त्याचा अर्थ अपडेट तीन वेगवेगळ्या ठिकाणी अडतंय आणि ही तिन्ही ठिकाणं विंडोजच्या बाहेरची आहेत. एक घड्याळ, एक नेट, एक जागा.

अपडेट उतरताना आत काय होतं ते थोडं सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मशीन आधी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतं, "माझ्यासाठी काय आहे?" तो सर्व्हर खराच मायक्रोसॉफ्टचा आहे ना, हे त्याच्या प्रमाणपत्रावरून तपासतं. मग फाइल तुकड्यातुकड्यानं आणतं. आणलेले तुकडे सी ड्राइव्हवर ठेवतं, फाइलची डिजिटल सही जुळते का बघतं आणि त्यानंतरच बसवायला घेतं. विचारणं, ओळख पटवणं, आणणं, ठेवणं. यातल्या कुठल्या पायरीवर गाडी थांबली ते हुडकलं की इलाज आपोआप समजतो. फॉरमॅट मारल्यानं यातली एकही पायरी दुरुस्त होत नाही. घड्याळाचा सेल मेलेलाच राहतो, हॉटस्पॉट तोच राहतो, आणि एसएसडी महिनाभरात परत भरतो.

आता सकाळचा कोड. ८००७२एफ८एफ (सुरुवातीचं शून्य आणि एक्स मी सोडून लिहितोय) म्हणजे सुरक्षित जोडणी जमली नाही, आणि त्याचं नेहमीचं कारण तारीख. प्रत्येक सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं. तुमचं मशीन सकाळी स्वतःला २०१५ सालात समजत असेल, तर त्याच्या दृष्टीनं ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. मग ते सर्व्हरशी बोलायलाच तयार होत नाही. ब्राउझर सकाळी सकाळी 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं बोंबलत असेल तर तेही यामुळंच.

तुम्ही रात्री दुकान बंद करताना विजेच्या मेन बोर्डचं बटण बंद करत असणार. योग्यच आहे, पावसाळ्यात तर करायलाच पाहिजे. पण मग मशीनचं घड्याळ रात्रभर मदरबोर्डवरच्या (मशीनच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) गोल सेलवर चालतं. सीआर२०३२, तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्याएवढा. असेंबल मशीनमध्ये तो काही वर्षांनी संपतोच. घड्याळाच्या दुकानात, मोबाइलच्या दुकानात कुठंही मिळतो. खानापूरला जाल तेव्हा जुना सेल दाखवून तसाच घ्या, म्हणजे सीआर२०२५ हातात पडणार नाही. तो तेवढाच रुंद पण पातळ असतो आणि खोबणीत सैल बसतो.

बदलायचा कसा ते नीट सांगतो, कारण हे तुम्हीच करू शकता. मशीन बंद करा, पाठीमागची पॉवर केबल काढा, आणि केबल काढलेली असतानाच पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. आत साठलेली वीज निघून जाते. डाव्या बाजूचं पत्र्याचं झाकण दोन स्क्रूंवर असतं, ते सरकवून काढा. हात एकदा डब्याच्या उघड्या पत्र्याला लावा. सेल चांदीसारखा चमकताना दिसेल, बहुतेक बोर्डांवर तो पंख्याच्या खालच्या भागात असतो. त्याच्या कडेला पितळेची छोटी पट्टी असते. ती नखानं बाहेरच्या बाजूला ढकलली की सेल टुपकन वर येतो. स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, बोर्डावर ओरखडा उठला तर तो सेलपेक्षा महाग पडेल. नवा बसवताना लिहिलेली, अधिक चिन्हाची बाजू वर. झाकण लावण्याआधी मऊ ब्रशनं धूळ झाडून घ्या, आमच्या भागातली लाल माती पंख्यात फार बसते.

मशीन चालू केल्यावर तारीख, वेळ आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साल बघा. बरेच लोक दिवस आणि तास नीट करतात, साल तसंच राहतं. टाइम झोनसुद्धा बघा. 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' असं लिहिलेला, साडेपाच तास पुढचा, तो आपला. झोन अमेरिकेचा ठेवून हातानं आपली वेळ लावलेली मशीन मी पुष्कळ पाहिलीत. पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण आतला हिशेब बारा-तेरा तासांनी चुकलेला असतो. झोन लावून झाला की तिथंच 'सिंक नाऊ' दाबा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून तारीख टिकली का ते पाहा. टिकली तर हा कोड गेला.

दुपारचा कोड, ८००७२ईई२. हा 'वाट बघून थकलो' असं सांगणारा कोड आहे. मशीननं मागितलं, समोरून ठरलेल्या वेळेत काही आलं नाही. हा दुपारनंतरच येतो असं तुम्ही लिहिलंत तेव्हाच माझ्या मनात डेटा पॅक आला. रोजचे दीड-दोन जीबीचे पॅक असतात. सकाळपासून अर्ज भरणं, पीडीएफ चढवणं, उतरवणं, त्यात कुणीतरी त्याच फोनवर व्हिडिओ बघितलेला. पॅक दुपारीच संपतो. संपला की नेट बंद पडत नाही, बऱ्याच पॅकांत वेग ६४ केबीपीएसवर येतो. फोनवर व्हॉट्सॲपचे मजकूर येत-जात राहतात, म्हणून आपल्याला वाटतं नेट आहे की.

हिशेब करून बघा. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी, तासाला साधारण २९ एमबी. महिन्याचं अपडेट समजा ७०० एमबीचं धरलं, तर न थांबता चोवीस तास लागतील. मधेच सर्व्हर कंटाळून जोडणी तोडतो आणि तुमच्या पडद्यावर ईई२ येतो. यात विंडोजची काही चूक नाही.

इथं दुसरी गोष्टही बघा. वायफायच्या त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'सेट ॲज मीटर्ड कनेक्शन' हे बटण चालू आहे का? ते चालू असेल तर विंडोज बहुतेक अपडेट स्वतःहून उतरवतच नाही, तुमचा डेटा वाचवायला. तसं असेल तर बटण बंद करा, पण विचार करून. बंद केलं की विंडोज कुठल्याही वेळी, ऐन गिऱ्हाइकांच्या गर्दीतही, डेटा ओढायला लागेल. माझा सल्ला असा: दिवसा ते चालूच ठेवा, आणि ज्या रात्री अपडेट घ्यायचंय त्या रात्री बंद करा. पॅक रात्री बाराला नव्यानं सुरू होतो. बारानंतर लावलेलं डाउनलोड पहाटेपर्यंत उतरलेलं असतं. अपडेटच्या पानावर 'पॉज' केलेलं नाही ना तेही बघून घ्या. विंडोज १० मध्ये ते ३५ दिवसांपर्यंत थांबवता येतं आणि कुणी दाबलं ते नंतर कुणालाच आठवत नसतं.

नेटच दोषी आहे का हे ठरवायची एक सोपी परीक्षा आहे. वेगळ्या कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन घ्या, त्याचा हॉटस्पॉट लावा आणि 'रिट्राय' दाबून दहा मिनिटं थांबा. टक्का हलला तर दोष पहिल्या जोडणीत. टक्का हलतोय का हे नुसतं पडद्याकडं बघून कळत नाही, शून्यावर तो बराच वेळ राहू शकतो. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये वायफायचा आलेख बघा. रेघ वर-खाली होत असेल तर माल येतोय, हात लावू नका. आलेख दहा मिनिटं सपाट असेल तरच अडलंय म्हणा. सेटिंग्जच्या 'अपडेट अँड सिक्युरिटी'मध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे, तिथल्या ॲक्टिव्हिटी मॉनिटरवरही किती उतरलं ते दिसतं. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या तक्रारींत लोकांनी चालू असलेलं डाउनलोड कंटाळून बंद केलेलं असतं.

कोड ८००७२ईई७ आला तर गोष्ट थोडी वेगळी. नेट आहे, पण सर्व्हरचं नाव पत्त्यात बदलता आलं नाही. त्यावर वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) हातानं ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लावून बघा. तुम्हाला तो आलेला नाही, म्हणून त्यात वेळ घालवू नका. मुदत संपलेला फुकट-ट्रायल अँटीव्हायरस मात्र मशीनमध्ये असेल तर काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो आणि तुमच्या कामाला तो पुरेसा आहे.

तिसरा कोड, ८००७००७०. याला काही उलगडाच लागत नाही: जागा नाही. १२० जीबीच्या एसएसडीवर विंडोज, ऑफिस, श्री-लिपी, कोरलड्रॉ आणि दुकानाची कामं बसवली की फार काही उरत नाही. महिन्याच्या अपडेटला दहा जीबी आणि मोठ्या अपडेटला वीस जीबी मोकळी ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो.

जागा कुठं अडकली असेल? तुमच्या दुकानाचं काम बघता मी आधी 'डाउनलोड्स' फोल्डर उघडायला सांगेन. पहाणीचे म्हणजे शेतजमिनीचे उतारे, उत्पन्न आणि जातीचे दाखले, पास फोटो, आधारचे स्कॅन, व्हॉट्सॲपवरून आलेल्या लोकांच्या कागदांच्या पीडीएफ. वर्षानुवर्षं साठलेले. ताई, हे जागेसाठी तर काढाच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे ते कागद आपले नाहीत. गिऱ्हाईक विश्वासानं आधार पाठवतं ते एका प्रिंटसाठी. काम झालं की त्याच संध्याकाळी ती फाइल उडवायची आणि रिसायकल बिनही रिकामी करायची, हे दुकानाच्या झाडलोटीइतकं रोजचं व्हायला पाहिजे. अपडेट न झालेल्या मशीनवर शेकडो लोकांचे आधार पडून असणं मला खरोखर काळजीचं वाटतं. तुमच्या प्रश्नाला इतकं लांब उत्तर द्यायला बसलो त्याचंही हेच कारण.

त्यानंतर डिस्क क्लीनअप उघडा, सी निवडा, आणि 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा. 'विंडोज अपडेट क्लीनअप', 'टेम्पररी फाइल्स' आणि असलंच तर 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' यांवर खूण करा. यादीत 'डाउनलोड्स'ही दिसलं, तर त्यावर खूण करण्याआधी कामाच्या फाइल्स दुसरीकडं हलवलेल्या असू द्या. लग्नपत्रिकांची जुनी कामं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि तिथं ती उघडतात हे बघून मगच सीवरून काढा. विंडोज फोल्डरच्या आत शिरून 'इन्स्टॉलर' किंवा 'विनएसएक्सएस' हे मोठे दिसतात म्हणून हातानं उडवू नका. ते केलेली मशीन वाचवणं फार अवघड जातं. फॉन्टच्या फोल्डरलाही हात नको.

एवढं झालं की मशीन रिस्टार्ट करून परत 'रिट्राय' दाबा. माझा अंदाज आहे की तुमचं काम इथंच होईल.

नाही झालं तर पुढची पायरी म्हणजे अर्धवट उतरलेला माल टाकून देऊन नव्यानं सुरुवात करणं. कारण मधल्या काळात तुटक तुटक उतरलेले तुकडे सही जुळत नसल्यामुळं विंडोजला पुन्हा पुन्हा अडवत असतात. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' टाइप करा. यादीत 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' या दोन नावांवर राइट क्लिक करून 'स्टॉप' करा. मग सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' नावाचं फोल्डर आहे, नावात मध्ये जागा नाही. ते उडवू नका, त्याचं नाव बदला, शेवटी 'ओल्ड' जोडा. मशीन रिस्टार्ट केलं की विंडोज तसंच नवं कोरं फोल्डर आपोआप तयार करतं. अपडेटचा इतिहास रिकामा दिसेल, घाबरू नका, बसलेले अपडेट बसलेलेच आहेत. दोन-चार दिवस सगळं नीट चाललं की जुनं फोल्डर काढून टाका, त्यानंही जागा सुटेल. नाव बदलू देत नसेल तर दोनपैकी एखादी सर्व्हिस परत चालू झालेली असते, पुन्हा स्टॉप करून लगेच बदला.

सर्व्हिसेसमध्ये गेलाच आहात तर 'विंडोज अपडेट'पुढं 'डिसेबल्ड' लिहिलंय का बघा. तसं असलं तर कोड ८००७०४२२ येतो. आपल्याकडं मशीन विकताना 'अपडेट आलं की स्लो होतं' म्हणून अपडेट कायमचं बंद करणारी छोटी प्रोग्रामं टाकून देतात. गिऱ्हाइकाला सांगतही नाहीत. तसा काही प्रोग्राम सापडला तर तो आधी काढा, नाहीतर तुम्ही सर्व्हिस चालू कराल आणि तो रात्री परत बंद करेल.

सेकंड हँड मशीनवाल्यांसाठी इथं एक गोष्ट सांगतो, ताई, तुम्हाला ती लागू नाही. निपाणीहून एक लॅपटॉप माझ्याकडं आला होता. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतून निघालेला, उत्तम स्थितीतला, स्वस्तात घेतलेला. अपडेट मात्र कधीच उतरलं नव्हतं. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं, दोनदा नेट बदललं होतं. अपडेटच्या पानावर वर बारीक लाल अक्षरांत 'काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते' अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. त्याखालच्या 'व्ह्यू कॉन्फिगर्ड अपडेट पॉलिसीज'वर क्लिक केलं तर सगळा प्रकार समोर आला. मोठ्या कंपन्या आपल्या मशीनना मायक्रोसॉफ्टकडं न पाठवता स्वतःच्या सर्व्हरकडून अपडेट घ्यायला लावतात. हा लॅपटॉप कंपनी सोडून निपाणीत आला, पण रोज त्याच जुन्या कंपनीच्या दारात जाऊन उभा राहत होता. ते दार बाहेरून उघडत नाही.

इलाज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत आहे: लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, आणि त्यात 'विंडोजअपडेट' नावाची की, म्हणजे नोंदींचा कप्पा. आत 'डब्ल्यूयूसर्व्हर' असं नाव आणि समोर कुणाचा तरी पत्ता असेल तर हेच दुखणं. की आधी एक्सपोर्ट करून ठेवायची, मग काढायची आणि मशीन रिस्टार्ट करायचं. त्या लॅपटॉपनं पाच मिनिटांत पहिलं अपडेट मागितलं. मात्र मशीन बँकेचं, शाळेचं किंवा सरकारी कार्यालयाचं असेल आणि आजही त्यांच्याच वापरात असेल, तर ही की तिथल्या माणसानं मुद्दाम लावलेली असते. तिला हात लावायचा नाही. तुमच्या पडद्यावर २२एच२ हे नाव दिसतंय, म्हणजे तुमचं मशीन बरोबर दारात उभं आहे. म्हणून म्हटलं, तुम्हाला लागू नाही.

आता नंदगडच्या नेटवर हे सगळं करणं त्रासाचं आहे हे मला माहीत आहे. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं तर दिवस दिवस रेंज नसते. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर दुसरी वाट धरली असती. बेळगावात कुणा पाहुण्याकडं चांगलं वायफाय असेल तर तिथं आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन जा. त्यांच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० चं 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवा. ते पेन ड्राइव्हवर २२एच२ ची पूर्ण प्रत तयार करून देतं. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं, तो रिकामाच न्या.

दुकानात आल्यावर महत्त्वाचं: पेन ड्राइव्हवरून मशीन बूट करायचं नाही. विंडोज नेहमीसारखं चालू करायचं, पेन ड्राइव्ह उघडायचा आणि त्यातलं 'सेटअप' चालवायचं. ते अपडेट आत्ता उतरवू का विचारेल, तिथं 'नॉट राइट नाऊ' निवडा, नाहीतर परत हॉटस्पॉटवर लटकेल. पुढं एका पानावर 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' दिसेल. त्यावर खूण असेल तरच पुढं जायचं. ती ओळ फिकी असेल, निवडता येत नसेल, तर तिथंच रद्द करा. बहुतेक वेळा पेन ड्राइव्हवरची इंग्रजी आणि मशीनमधली इंग्रजी वेगळी असते, एक अमेरिकन आणि एक इंटरनॅशनल, म्हणून तसं होतं. जुळणारी भाषा निवडून पेन ड्राइव्ह परत तयार करावा लागतो. ती ओळ निवडता आली तर विंडोजचा गाभा नवा बसतो आणि श्री-लिपी, नुडी, प्रिंटर, फाइल्स सगळं जागच्या जागी राहतं. फॉरमॅटनं जे मिळणार होतं ते सगळं यात मिळतं, आणि जाणार होतं ते काही जात नाही.

नुसतं एखादं महिन्याचं अपडेट अडलं असेल तर इतकंही करायला नको. त्याच्या नावातला 'केबी'नं सुरू होणारा नंबर लिहून घ्या, 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग'वर तो नंबर टाका, आपल्या मशीनप्रमाणं ६४ बिटची फाइल पेन ड्राइव्हवर आणा आणि डबल क्लिक करा. बास.

लाइटबद्दल एक. डाउनलोड चालू असताना लाइट गेली तर काही बिघडत नाही, जिथं राहिलं तिथून पुढं सुरू होतं. पण बसवणं चालू असताना, निळ्या पडद्यावर टक्के फिरत असताना लाइट जाणं वाईट. तेव्हा यूपीएसची बॅटरी किती मिनिटं धरते ते आधी एकदा मोजून घ्या, आणि सेटअप चालवायचं ते ढग नसलेल्या दिवशी, दुपारच्या निवांत वेळी.

२२एच२ का इतकं महत्त्वाचं, तेही सांगतो. विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. घरगुती मशीनसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना ठेवली, तिची जाहीर केलेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६. पण त्यात नाव नोंदवायला मशीन २२एच२ वरच असावं लागतं. २२एच२ बसल्यावर अपडेटच्या पानावर 'एनरोल'ची ओळ दिसते. मायक्रोसॉफ्ट खात्यानं आत जाऊन सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे न भरता नोंदणी होते, नाहीतर एकदाच ३० डॉलर किंवा त्यांचे हजार रिवॉर्ड पॉइंट्स. नोंदणी नसताना पानावर 'सगळं अद्ययावत आहे' असं काही दिसलं तरी निर्धास्त राहू नका. ते अद्ययावत नसतं, फक्त नवीन काही येत नसतं. डिफेंडरची विषाणूंची यादी मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहे. त्यामुळं 'अपडेट तर येतंय की' असा गैरसमज होतो.

विंडोज ११ तुमच्या मशीनवर बसेल का, हे प्रोसेसर बघून कळेल. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर नियमानुसार नाही. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवून बघा. विंडोज ७ वापरणाऱ्यांना मात्र माझ्याकडं इलाज नाही, त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. त्या मशीनवर लोकांचे बँकेचे आणि आधारचे व्यवहार करू नका.

फॉरमॅटला मी इतका विरोध का करतो, त्यालाही कारण आहे. २००९ च्या उन्हाळ्यात मी शहापूरच्या एका प्रेसवाल्या काकांचं मशीन अशाच अपडेटच्या तक्रारीवरून फॉरमॅट केलं. डी ड्राइव्हवरच्या बॅकअपवर विसंबलो, आणि काम डेस्कटॉपवर होतं. मे महिन्यातल्या पंधरा-वीस लग्नांच्या पत्रिका गेल्या, काही मराठी, काही कन्नड, काही दोन्ही भाषांतल्या. काका एका शब्दानं बोलले नाहीत. तीन रात्री बसून मुलाकडून परत जुळवून घेतल्या. मशीनमधला दोष शेवटी काय निघाला? घड्याळाचा सेल.

तुमचा क्रम मग असा. आज सेल आणा आणि बदला. संध्याकाळी डाउनलोड्स साफ करा, पत्रिका बाहेरच्या डिस्कवर घ्या. रात्री बारानंतर मीटर्ड बंद करून डाउनलोड लावा. दोन रात्रींत नाही झालं तर पेन ड्राइव्हची वाट. प्रत्येक वेळी आलेला कोड आणि वेळ वहीत लिहा, आत्ता लिहिलीत तशीच. त्यानंतरही अडलं तर मशीन बेळगावला घेऊन या. फक्त सीपीयूचा डबा आणा, मॉनिटर नको. श्री-लिपीचं डोंगल (परवान्याची छोटी चावी) यूएसबीला लावलेलं असेल तर ते आधी काढून पर्समध्ये ठेवा. बसमध्ये डबा हलला की पहिला दणका त्यालाच बसतो.